‘खारपाण’ची पहिली नऊ मिनिटं

अकोल्याला श्रावणमामांच्या घरी मी कॉलेजची तीन वर्षं काढली, ती वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून. आमचं घर अमरावतीला. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि मुलीनं शास्त्र शाखेतच शिकायचं हा त्यांचा हट्ट होता. प्रवेश मिळाला तो अकोल्याला. आई म्हणाली, माझा सख्खा भाऊ तिथे असताना पोरगी खाणावळीत कशाला जेवेल? एका रविवारी बाबांनी मला, माझ्या लोखंडी पेटीला आणि आईनं दिलेल्या शेवयांच्या डब्याला मामांच्या दारात सोडलं, जयभीम केला, चहा घेतला आणि पुढच्या एस.टी.नं ते परत गेले. मी दारात उभी राहून रडले. कौतिकामामीनं मला रडू दिलं. बऱ्याच वेळानं आतून म्हणाली, "झालं असन तं हात धू. भाकर गरम हाय."

मामांचं घर एका जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या भिंतीला लागून होतं. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. कापसाचा हंगाम सुरू झाला की भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर सुरू व्हायची ती दिवसभर थांबायची नाही, आणि कापसाचे बारीक तंतू खिडकीतून आत येऊन वरणावर, वहीवर, मामीच्या केसांवर बसायचे. मामी प्रत्येक भांड्यावर ताटली ठेवायची. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वरून कच्च्या तेलाची धार, हे जेवण मी पुढे कितीदा करून पाहिलं, पण माझी अंबाडी आंबटच राहते. ती त्यात काय घालायची ते मी विचारलं नाही. त्या घरातल्या फार थोड्या गोष्टी मी वेळेवर विचारल्या.

मामा त्याच फॅक्टरीत टाइमकीपर होते. कोण कधी आलं, कोण कधी गेलं ते लिहायचं आणि पाळी बदलली की भोंगा द्यायचा. त्याआधी ते लष्करात होते, पण बंदूक त्यांनी फारशी चालवली नव्हती. ते पलटणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. गोव्याकडचा एक बँडमास्तर त्यांना भेटला, त्यानं त्यांना पाच रेघांवर सूर लिहायला आणि वाचायला शिकवलं, आणि चाळीस वाद्यं एकाच वेळी वेगवेगळं वाजवत असताना एकच गोष्ट कशी सांगतात हेही शिकवलं. भातकुलीजवळच्या खेड्यात जन्मलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे वेड लागलं ते कायमचं. पलटणीतून आल्यावर चार वर्षं खपून त्यांनी एक रचना लिहिली. व्हायोलिन, चेलो, बासऱ्या, क्लॅरिनेट, आणि एक डफडं. नाव ठेवलं ‘खारपाण’.

आमच्या भागातल्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. भातकुलीपासून पार अकोल्याच्या पलीकडेपर्यंत पूर्णेच्या दोन्ही अंगांना जी जमीन आहे, तिथे विहीर खणली तर पाणी खारट लागतं. काळी, कसदार जमीन, पण पोटातलं पाणी पिता येत नाही. मामांची आई, म्हणजे माझी आजी, दोन गावं ओलांडून गोड्या पाण्याच्या विहिरीवर जायची, आणि तिथे पोचल्यावरही तिला लांब उभं राहून, कुणी वाढेल तेव्हा पाणी घ्यावं लागायचं. रचनेचे चार भाग होते. पहिला भाग म्हणजे ते चालणं. नऊ मिनिटं. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा मामांनी सांगितलं नव्हतं, आणि मला वाटायचं की हे काही सुरूच होत नाही.

नागपूरला रेडिओवर ती रचना एकदा ध्वनिमुद्रित झाली होती. मामांनी स्वतः उभं राहून ती वाजवून घेतली. एकदोनदा दुपारच्या वेळी ती लागली, मग लागली नाही. तिथल्या एका वादक मित्रानं कॅसेटवर उतरवून दिली, तेवढी मामांकडे उरली. रोज साडेचारला पाळी संपली की मामा घरी येत, हातपाय धुत, बुद्धाच्या तसबिरीपुढे क्षणभर हात जोडत, चहाचा कप घेऊन पडवीतल्या खुर्चीवर बसत आणि टेप लावत. पस्तीस मिनिटं. त्या वेळी मामी भाजी निवडायची. ते संगीत तिच्या हातांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की दुसरा भाग संपायच्या सुमाराला तिची मेथीची जुडी संपायची.

पहिल्या महिन्यात मी त्या वेळेला मुद्दाम मैत्रिणीकडे जायची. मला रेडिओवरची गाणी आवडायची, ज्यांना सुरुवात असते, शब्द असतात आणि तीन मिनिटांत शेवट असतो. इथे एक चेलो खर्जात एकच सूर धरून बसायचा, खाली डफड्यावर बोटांनी धरलेली एक संथ चाल, आणि बराच वेळ दुसरं काहीच नाही. पाऊस पडणार असं वाटावं आणि पडू नये, तसं. वर टेपची खरखर. आणि ते डफडं मला नको वाटायचं. बाबांनाही नको होतं. एकदा ते अकोल्याला आले असताना त्यांनी मामांना विचारलं होतं, की गावात वाजवायचं काम आपल्या माणसांनी ठरवून सोडलं, शपथ घेऊन सोडलं, ते तू परत काहून आणलं? मामा म्हणाले, "वाजवाले लावत होते म्हनून सोडलं. आता कोनी लावलं नाही, मी माह्या मनानं घेतलं." बाबांना ते पटलं नाही. मला बाबांचं बरोबर वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी मामांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. त्यांना ‘खारपाण’ पुन्हा कुठेतरी वाजवून घ्यायची होती, आणि त्यासाठी प्रत्येक वाद्याची वेगळी पानं लागतात. जुनी पानं नागपूरला इकडेतिकडे झाली होती. घरात होती ती फक्त एक जाड वही, तिच्यात सगळी वाद्यं एकाखाली एक लिहिलेली. त्यातून एकेका वाद्याची ओळ उचलून वेगळी उतरवायची होती, आणि ते काम माझ्याकडे आलं. मामांनी मला सूर वाचायला शिकवलं. फार नाही, उतरवण्यापुरतं. मी रोज कॉलेजमधून आल्यावर पडवीत चटईवर बसायची, पट्टीनं पाच रेघा ओढायची, उभ्या रेघांनी घरं पाडायची आणि सुरांचे ठिपके भरायची. चुकलं तर मामा ओरडत नसत. वही डोळ्यांशी अगदी नाकाला लावून धरत आणि म्हणत, "इथं तो थांबते. तू त्याले थांबू देल्लं नाही." मग मी खोडून परत लिहायची. चेलोची सगळी पानं माझ्या अक्षरात झाली, मग व्हायोलिनची, मग बासरीची.

लिहिता लिहिता टेप चालू असायचाच. कान आपलं काम आपल्याला न विचारता करतो. आज ज्याची ओळ उतरवली ते वाद्य उद्या टेपवर आपोआप वेगळं ऐकू यायचं, जणू गर्दीत ओळखीचा माणूस. पाचव्या मिनिटाला क्लॅरिनेट येतं हे मला कळलं तेव्हा माझी मान त्याच्या आधीच वर व्हायला लागली. तिसऱ्या भागात एक जागा आहे, सगळी व्हायोलिनं चढत चढत जातात आणि वर पोचल्यावर एकदम बासरी एकटी उरते. तिथे माझा हात थांबायचा. मामा ते पाहायचे. पण मला कुणी विचारलं असतं की हे तुला आवडतं का, तर मी नाही म्हटलं असतं, आणि खोटं बोलतेय असं मला वाटलंही नसतं. आवडणं म्हणजे काहीतरी एकदम होतं, अशी माझी समजूत होती. हे तर रोजचं झालं होतं, मामीच्या वरणासारखं.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात बाबांचं पत्र आलं. अमरावतीला त्यांच्या साहेबांच्या घरी पुण्याचे एक गृहस्थ येणार होते. संगीतातले जाणकार. विसरल्या गेलेल्या वाद्यवृंद-रचनांचा एक कार्यक्रम पुण्यात करायचं त्यांच्या मनात होतं आणि त्यासाठी ते गावोगावच्या रचना ऐकत होते. डफड्याबद्दल मनात अढी असूनही बाबांनी मेहुण्यासाठी शब्द टाकला होता. मामांनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "तू चाल मायासंग. मले तसं बोलता येत नाही. तू लिवलं हाय सारं, तू सांगजो त्यायले."

मामीनं मामांचा पांढरा सदरा नीळ घालून धुतला. मी माझी सगळी उतरवलेली पानं एका पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये लावली. साहेबांचा बंगला कॅम्प भागात होता. दिवाणखान्यात गालिचा, काचेच्या कपाटात चिनी मातीची भांडी. ते पुण्याचे गृहस्थ वाईट नव्हते, हे मला मुद्दाम लिहायला हवं. साठीचे, मृदू बोलणारे. त्यांनी मामांना उठून नमस्कार केला, शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि टेप लावला तेव्हा डोळे मिटून घेतले. चेलो सुरू झाला. डफडं सुरू झालं. साहेबांच्या पत्नी दारात उभ्या होत्या, त्यांनी आपल्या मुलीकडे पाहिलं आणि ती मुलगी ओठ दाबून हसली. ती माझ्याच वयाची होती. तिच्या अंगावर फिकट निळा पंजाबी ड्रेस होता. मी माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या पायांत मामीच्या चपला होत्या.

तीन-चार मिनिटं झाली असतील. त्या गृहस्थांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं, की तुम्ही हे सगळं उतरवलंय, रोज ऐकता, तुम्हाला काय वाटतं?

मी काय सांगणार होते ते मी एस.टी.मध्ये घोकलं होतं. पाचव्या मिनिटाचं क्लॅरिनेट, तिसऱ्या भागातली बासरी. त्यातलं काही तोंडात आलं नाही. मी शक्य तितक्या शुद्ध भाषेत म्हणाले, "सुरुवात फार लांबते. आणि ते डफडं थोडं वरातीच्या बँडसारखं वाटतं. पुढचा भाग बरा आहे."

ती मुलगी आता मोकळेपणानं हसली, आणि मीही तिच्याबरोबर थोडी हसले.

गृहस्थांनी मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "हो, लांबते खरी." मग गृहस्थांनी टेप पुढे सरकवला, मधला थोडा भाग ऐकला, छान आहे म्हणाले, मामांचा पत्ता लिहून घेतला. बेसनाचे लाडू आले, चहा आला. फाइल उघडायची वेळच आली नाही. इतका वेळ भिंतीशी उभे असलेले बाबा फाटकापर्यंत आमच्याबरोबर आले आणि तिथे थांबून मला एवढंच म्हणाले, की डफड्याचं तुला कुणी विचारलं नव्हतं. त्यांना ते कधी आवडलं नाही, तरी ते हे म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही अकोल्याला निघालो. मामा खिडकीशी बसले होते. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खाली उतरून माझ्यासाठी संत्री आणली, सोलून फोडी माझ्या हातावर ठेवल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून पांढरी सालं तशीच राहिली होती. गाडी सुटल्यावर त्यांनी विचारलं, "सुजाता, किती लांब वाटते तुले?"

मला वाटलं ते रागावले नाहीत, म्हणजे प्रकरण संपलं. मी संत्र खात म्हणाले, "अर्धी असती तरी चाललं असतं, मामा."

त्यांनी सालं गोळा करून खिडकीबाहेर टाकली. मग म्हणाले, "अर्धी," आणि मान हलवली. विचारलेल्याचं उत्तर मिळालं की माणूस हलवतो तशी.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मामा आले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि पेपर उघडून बसले. पेपर त्यांना वाचता येत नव्हता. टेप लागला नाही. त्यानंतर मी त्या घरात असेपर्यंत तो लागला नाही. आठ-दहा दिवसांनी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर म्हणाले बिघडला आहे. त्याच यंत्राचा रेडिओ सकाळी बातम्या देत होता. मामी अंदाज चुकून भाजी लवकर निवडून संपवायची आणि मग हात मांडीवर ठेवून बसून राहायची.

आणि मग मला ते हवंसं वाटायला लागलं. भांडी घासताना मी गुणगुणायची, तर ती तिसऱ्या भागातली व्हायोलिनं असायची. कॉलेजच्या वाटेवर चालताना पाऊल डफड्याच्या चालीवर पडायचं. मी मुद्दाम वेगळं टाकायचा प्रयत्न केला, तरी चार पावलांनी परत तिथेच यायचं. एका दुपारी प्रयोगशाळेत बुन्सेन बर्नरसमोर उभी असताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मनात तो खर्जातला चेलो सुरू होता आणि मला क्लॅरिनेटची वाट पाहावी लागत होती, आणि वाट पाहणं हेच त्यात सगळं होतं, हे माझ्या लक्षात आलं. त्याच संध्याकाळी मामांना सांगायचं असं मी ठरवलं. घरी आले तेव्हा मामा पडवीत बसले होते. मी समोर उभी राहिले. ते म्हणाले, "काय वं?" मी म्हणाले, काही नाही, परीक्षेची तारीख लागली. एवढं सोपं होतं ते, आणि मी तारीख सांगितली.

त्यानंतर माणसाच्या आयुष्यात होतं तसंच माझं झालं. बी.एस्सी. झाले, बी.एड. केलं, अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले, लग्न झालं, दोन मुलं झाली. पुण्याहून मामांना पत्र आलं नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला जायची, मामीच्या हातचं खायची, मामांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनची चौकशी करायची. ऑपरेशननंतर त्यांना बरं दिसायला लागलं होतं, पण वही त्यांनी कधी बाहेर काढलेली मला दिसली नाही. ते वारले तेव्हा मी शाळेची सहल घेऊन चिखलदऱ्याला होते. निरोप मिळून खाली उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. महिन्याभरानं मामीनं ती जाड वही, माझी पुठ्ठ्याची फाइल आणि कॅसेट एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली. "तुहं हाय," एवढंच म्हणाली. मी ती पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली आणि वीस वर्षं काढली नाही. विसरले म्हणून नाही. ती तिथे आहे हे मला रोज माहीत असायचं.

निवृत्त झाल्यावर मी ती काढली. कॅसेट वाजवायचं यंत्र आता कुणाकडे नसतं. गल्लीतल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या माळ्यावर एक सापडलं. पहिल्या दिवशी मला खरखरीशिवाय काही ऐकूच आलं नाही, कान म्हातारे आणि टेपही म्हातारा. मी रोज साडेचारला लावायला लागले. महिन्याभरानं खरखर मागे सरली आणि वाद्यं एकेक करून पुढे आली, जुन्या ओळखी दिल्यासारखी. दुसरा भाग मला मुलीच्या वयात नुसता गोंगाट वाटायचा. आता कळलं की ती विहिरीवरची गर्दी आहे, प्रत्येक वाद्य दुसऱ्याला कोपरानं ढकलतंय आणि क्लॅरिनेट बाजूला एकटं उभं आहे. त्याची पाळी येत नाही. चौथ्या भागात घरी परतताना डफड्याची चाल तीच आहे, पण जड. डोक्यावर भरलेली घागर आहे म्हणून. हे कुणी मला सांगितलं नाही. शंभरदा ऐकल्यावर ते दिसलं. आणि पहिल्या भागाची नऊ मिनिटं नसतील, तर पुढच्या कशालाच वजन नाही, हे कळायला मला त्याहूनही जास्त वेळ लागला.

तेव्हा मी वही उघडली. टेपबरोबर बोट फिरवत वाचायचं ठरवलं. चेलो सुरू झाला, आणि वहीत चेलो नव्हता. वहीच्या पहिल्याच पानावर क्लॅरिनेट होतं, जे टेपवर पाचव्या मिनिटाला येतं. पानांचे जुने आकडे तांबड्या पेन्सिलीनं खोडून नवे घातले होते, एकपासून. आधीची पानं शिवणीपासून नीट, पट्टी लावून फाडलेली होती. मी माझी फाइल पाहिली. त्यातूनही प्रत्येक वाद्याचं पहिलं पान गेलं होतं.

मी अकोल्याला गेले. मामी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती, पडवीतल्याच खुर्चीवर बसलेली. जिनिंग बंद पडून वर्षं झाली होती, त्यामुळे तिच्याशी हळू बोलता यायचं. मी वही तिच्या मांडीवर ठेवली आणि विचारलं, की ही पानं कुठे गेली?

ती म्हणाली, "त्यायनं काढले ना. तू अमरावतीहून आली तवाच. आठ दिस बसले होते, भिंग घेऊन."

"का पण, मामी?"

तिनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. मला माहीतच असणार असं तिला इतकी वर्षं वाटत होतं. "तूच म्हनली होती ना लांबते म्हनून. मी म्हनलं, पोरगी हाय, तिले काय समजते. तं मले म्हने, कौतिका, साऱ्या दुनियेत एकटीनं ते रोज ऐकलं हाय. तिले लांब वाटलं, म्हंजे लांबच असन." मग म्हणाली, "चुलीत घातले. म्हने, ठेवले तं परत लावाव वाटन."

मी तिच्यासमोर खाली बसले. मी तिला सांगितलं की मला ते लांब वाटत नव्हतं, मी त्या बंगल्यातल्या पोरीसमोर लाजले होते, आणि मला ते आवडतं हे मला ठाऊक होतं, मामा जिवंत असताना ठाऊक होतं. मामीनं सगळं ऐकून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्यायले सांगाव लागत होतं, बाई." आणि मग विचारलं, जेवून जाणार का.

त्यानंतरची दोन वर्षं मी ती पानं टेपवरून परत लिहीत होते. मला एकटीला जमलं नसतं. अमरावतीच्या कॉलेजात संगीत शिकवणारे एक तरुण प्राध्यापक मदतीला आले. सुरांचं एक वाक्य परत, परत, परत ऐकायचं, ठिपका टाकायचा, खोडायचा. पहिल्या पाच मिनिटांतलं जवळपास सगळं सापडलं. पण मधली बावीस घरं अशी आहेत, की तिथे फक्त चेलो आणि डफडं आहे, चेलो अगदी खाली उतरतो आणि खरखरीत बुडतो. डफडं ऐकू येतं. त्याच्याखाली काहीतरी हलतंय एवढं कळतं, सूर कळत नाहीत. ध्वनीवर काम करणाऱ्या लोकांकडेही ती फीत देऊन पाहिली. नाही निघाले. प्राध्यापक म्हणाले, आपण अंदाजानं भरू, कुणाला कळणार आहे? ती बावीस घरं मी स्वतः पट्टीनं पाडली होती. चेलोची सगळी पानं माझ्या अक्षरात होती. अनेक दुपारी मी डोळे मिटून त्या पानावर काय होतं ते आठवायचा प्रयत्न केला. मला शाईचा रंग आठवतो. कागदावर चिकटलेला कापसाचा तंतू आठवतो. ठिपके आठवत नाहीत. तेव्हा मी ते ऐकत लिहिलं नव्हतं, नुसतं उतरवलं होतं. मी प्राध्यापकांना म्हणाले, भरू नका.

यंदाच्या जानेवारीत अमरावतीला त्यांच्या कॉलेजच्या सभागृहात ‘खारपाण’ वाजली. चौदा वादक जमले, क्लॅरिनेटवाला लग्नाच्या बँडमधला, डफडं वाजवणारा भातकुलीकडचा, चेलो वाजवणारी मुलगी नागपूरहून आली होती. समोर साठ-सत्तर माणसं असतील. मामीला आणणं शक्य नव्हतं, मी तिच्यासाठी फोन चालू ठेवला होता. ती रिकामी घरं आली तेव्हा त्या मुलीनं चेलोचा गज मांडीवर ठेवला आणि ओठांतल्या ओठांत मोजत राहिली. डफडं एकटं चालत होतं.

कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ मुद्दाम माझ्याजवळ आले. ते म्हणाले, सगळ्यात सुंदर ती जागा होती, चेलो थांबतो आणि नुसतं डफडं उरतं ती. संगीतकारानं काय विचार केला असेल, असं म्हणाले. मी हो म्हणून पुढे जाऊ शकले असते. मी त्यांना हाताला धरून थांबवलं आणि सांगितलं, "त्यांनी तिथे चेलो थांबवला नव्हता. मी थांबवला."